बसला, असला

ऑगस्टमधल्या एका शनिवारी संध्याकाळी आमच्या वरच्या खोलीत राहणारी मुलगी झेरॉक्सचे चार कागद घेऊन खाली आली. पाऊस नुकताच थांबला होता आणि नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या गल्लीचे लाइट गेले होते. दारातूनच म्हणाली, "काकू, तुम्ही पेपरमध्ये मराठी तपासत होत्या ना? मले हे समजूनच नाही राहिलं."

ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. गाव कुही तालुक्यातलं. भाऊ बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला, दोघं बहीणभाऊ आमच्याकडे भाड्यानं राहतात. कॉलेजमध्ये एका लहान कवितेचं रसग्रहण लिहून द्यायचं होतं, सहाशे शब्दांत. परवाचा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी, म्हणजे नऊ दिवस हातात. कविता होती बालकवींची 'औदुंबर'.

मी शिक्षिका नाही. एका मराठी दैनिकात सव्वीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं आणि आता घरबसल्या पुस्तकांची प्रुफं वाचते. पण ही कविता मला शाळेपासून पाठ आहे. आधी ती इथे देते, शुद्ध रूपात, कारण मुलीच्या कागदावर ती अशी नव्हती:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.

चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.

पायवाट पांढरी तयातुनि अडवी तिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

त्या संध्याकाळी मी एक चूक केली, ती आधीच सांगते. मेणबत्तीच्या उजेडात मी अर्धा-पाऊण तास बोलत राहिले. झरा म्हणजे काय, डोह म्हणजे काय, औदुंबर ध्यानस्थ योग्यासारखा कसा आणि हिरव्यापासून काळ्यापर्यंतचा रंगांचा प्रवास कसा. मला फार बरं वाटत होतं. ती मान खाली घालून भराभर लिहून घेत होती. रविवारी सकाळी तिनं मला तिचा मसुदा वाचून दाखवला, तर त्यात माझीच वाक्यं होती, 'ध्यानस्थ योगी'सकट. मी विचारलं, "योगी तुला कुठल्या शब्दात दिसला?" ती गप्प. "तुम्हीच म्हटलं न काकू."

तिचं खरं होतं. तिला कविता दिसण्याआधी मी तिच्या डोळ्यांवर माझा चष्मा चढवला होता. त्या दिवसापासून मी ठरवलं की माझं मत ती मागेल तेव्हाही द्यायचं नाही, फक्त विचारायचं. हे पाळणं सोपं गेलं नाही. आपल्याला माहीत असलेलं उत्तर समोरच्याला सापडेपर्यंत तोंड मिटून बसायला फार जीव लागतो.

मसुद्याचं पहिलं वाक्य मात्र माझं नव्हतं, झेरॉक्सवरच्या नोट्समधलं होतं: 'प्रस्तुत कवितेत कवीने निसर्गाचे अतिशय सुंदर व मनोहारी असे चित्रण केलेले आहे.' मी तिला म्हटलं, हेच वाक्य 'श्रावणमास' या कवितेखाली लिहून बघ. ती कविता तिला शाळेत होती. तिनं मनातल्या मनात लिहून बघितलं आणि म्हणाली, "तिथंही चालते." मग 'निर्झरास'खाली? तिथंही चालतं. मग हे वाक्य 'औदुंबर'बद्दल काय सांगतं? तिनं स्वतःच पेन घेतलं आणि आडवी रेघ मारली. पुढचे आठ दिवस ही कसोटी आमच्या कामी आली.

मग मी तिला कविता मोठ्यानं वाचायला लावली. अर्थ बाजूला ठेव, फक्त वाच. तिचा आवाज चांगला आहे, गावी काकडआरतीत म्हणायची सवय आहे. सात ओळी झुलत झुलत आल्या. आठव्या ओळीला ती अडखळली. पुन्हा वाचली, पुन्हा अडखळली. "ही ओळ लवकर संपते," ती म्हणाली.

तिच्या कागदावर शेवटची ओळ अशी होती: 'पाय टाकुनी जळात बसला औदुंबर.' मी आदल्या संध्याकाळीच ते बघितलं होतं. माझ्या पेशात अशी गळ रोज दिसते. 'बसला असला' हे दोन शब्द शेजारी शेजारी आले की टाइप करणाऱ्याला वाटतं, चुकून दोनदा पडलं. तो एक उडवतो. ज्या कुणी त्या नोट्स टाइप केल्या त्यानं तेच केलं असावं. मी तिला काही सांगितलं नाही. म्हटलं, लवकर संपते म्हणजे किती लवकर, ते मोजू.

मात्रा मोजणं तिला व्याकरणात होतं, पण 'गणं पाडा आणि वृत्त ओळखा, दोन मार्क' एवढ्यापुरतं. आम्ही वहीत ओळी मोकळ्या मोकळ्या उतरवल्या आणि प्रत्येक अक्षराखाली १ किंवा २ लिहीत गेलो. ऱ्हस्व एक, दीर्घ दोन, अनुस्वाराचं दोन, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर आघात आला तर दोन. 'गर्दी'तला 'ग' दोन, पण 'हिरव्या'तला 'र' एकच, कारण तिथं जीभ आदळत नाही. पहिली ओळ: 'ऐल तटावर' आठ, 'पैल तटावर' आठ, 'हिरवाळी घेऊन' अकरा. दुसरी: 'निळासावळा' आठ, 'झरा वाहतो' आठ, 'बेटाबेटातुन' दहा, शेवटचं अक्षर लांबवलं की अकरा. अशी आठ-आठ-अकराची चाल. शेवटची ओळ: 'पाय टाकुनी' आठ, 'जळात बसला' आठ, 'औदुंबर' सहा, लांबवलं तर सात.

"चार कमी पडून राहिल्या," ती म्हणाली. आणि लगेच, "काकू, काहीतरी गळलं आहे. चार मात्रांचं."

मला फार आनंद झाला. तिनं छापलेल्या कागदावर संशय घेतला होता आणि त्याला कारण दिलं होतं. शब्द कोणता, ते तिनं विचारलं. मी म्हटलं, पुस्तकात बघू.

मंगळवारी तिचं कॉलेज सुटल्यावर आम्ही झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात गेलो. संघाची स्थापना १९२३ची. बालकवींच्या कवितांच्या पुस्तकात तिनं अनुक्रमणिकेतून पान काढलं, आठव्या ओळीवर बोट ठेवलं आणि 'असला' असं मोठ्यानं म्हणाली, इतक्या मोठ्यानं की समोर वाचत बसलेल्या आजोबांनी चष्म्यावरून बघितलं. मग ती ओठांत मोजू लागली: अ एक, स एक, ला दोन. चार.

परतताना मेट्रोत ती बोटांवर बाकीच्या ओळी मोजत होती. मी खिडकीतून बाहेर बघत होते. मध्येच तिनं माझा हात हलवला. "काकू, पायवाटेची ओळ आठवर तुटत नाही."

मला नीट कळलं नाही. तिनं वहीवर दाखवलं. इतर ओळींत पहिल्या आठ मात्रा संपतात तिथं शब्दही संपतो. 'चार घरांचे' आठ, शब्द पूर्ण. 'शेतमळ्यांची' आठ, पूर्ण. 'झाकळुनी जळ' आठ, पूर्ण. पण 'पायवाट' सहा आणि 'पांढरी'तला नुसता 'पां' दोन. आठवी मात्रा शब्दाच्या पोटात. पुढची ओळही तशीच: 'हिरव्या कुरणा' इथं आठ होतात आणि 'मधुनि' पुढं सांडतो. आठ ओळींपैकी दोनच ओळींत हे होतं आणि त्या दोन्ही पायवाटेच्या आहेत. वाट 'अडवी तिडवी' पडते म्हणतात, तर ओळही बांधावरून तिडवी जाते.

ही कविता मला चाळीस वर्षं पाठ आहे. हे मी कधी बघितलं नव्हतं. कवीनं मुद्दाम केलं की त्याच्या कानानं आपोआप केलं, हे मला सांगता येणार नाही आणि रसग्रहणाला त्याची गरजही नाही. ते ओळीत आहे, बोट ठेवून दाखवता येतं, एवढं पुरे. तिला मी तसंच सांगितलं: "'कवीने जाणीवपूर्वक' असं लिहू नको. 'इथे असं होतं' असं लिही."

आता 'असला'. त्यावर आम्ही बुधवारची अख्खी संध्याकाळ घालवली. तिची पहिली तक्रार रास्त होती. "आमच्याकडं 'असला' म्हटलं का वाईटच असते. असला कसला माणूस, असले धंदे नको करू." मी म्हटलं, पण आजी गोष्ट सांगताना काय म्हणते? हात पसरून? ती हसली. "असला मोठा नाग निघाला म्हणते." तर 'असला'त हात पसरणं आहे. सांगणारा काहीतरी दाखवतो आहे, आणि जे दाखवायचं ते शब्दात मावत नाही म्हणून 'असला' म्हणतो. पण 'असला' म्हणजे 'कसला', हे ऐकणाऱ्याला आधी माहीत पाहिजे. ते कवीनं कुठं सांगितलं? ती मागं मागं जात राहिली. सातव्या ओळीपाशी थांबली: 'झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर.' पसरतो कोण? नुसती ही ओळ वाचली तर काळिमाच पसरतो आहे असं वाटतं. आठवी ओळ वाचली की कळतं, काळिमा पसरणारा हा बसलेला असू शकतो. ही त्याची सावली आहे. 'असला' हा शब्द या दोन ओळींची गाठ मारतो: असा पाणी झाकोळणारा, असा लाटांवर गोड काळोख पसरणारा, असा पाय टाकून बसलेला. तो शब्द उडवला की शेवटची ओळ एकटी पडते आणि तिच्यात नुसतं एक झाड उरतं. झेरॉक्सवर तेच झालं होतं.

आणि कर्ता अगदी शेवटी. 'औदुंबर' हा शब्द शीर्षकात येतो आणि मग थेट कवितेच्या शेवटच्या जागी. मधे आठ ओळी आपण त्याला शोधत असतो.

त्याच दिवशी मी तिला क्रियापदांची यादी करायला सांगितली होती. ही माझी प्रुफं वाचतानाची सवय: वाक्य अडलं की आधी कोण काय करतो ते बघायचं. तिच्या यादीत झरा वाहतो, गर्दी लागली, पायवाट पडते, पायवाट चालली, औदुंबर बसला. यादी करून झाल्यावर ती बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. "माणूस कुठं गेला?" ती म्हणाली. चार घरं आहेत, म्हणजे कुणी बांधली. शेतमळे आहेत, म्हणजे कुणी पेरले. पायवाट तर पायांशिवाय पडतच नाही. पण आठ ओळींत एकही माणूस नाही, बैल नाही, पाखरूसुद्धा नाही. माणसाचं चालणं वाटेला दिलं आहे आणि माणसाचं बसणं झाडाला.

मी काही बोलले नाही. उठून चहा टाकला.

नोट्समधला दुसरा मोठा मुद्दा होता मृत्यूचा. 'काळा डोह हे मृत्यूचे प्रतीक असून कवीला स्वतःच्या अकाली मृत्यूची चाहूल लागली होती.' तिच्या वर्गात बहुतेकांनी हे वाक्य उचललं होतं, कारण ते भारदस्त वाटतं. मी तिला आधी तारखा सांगितल्या. त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म धरणगावचा, १३ ऑगस्ट १८९०. १९०७ साली जळगावला कविसंमेलन झालं, तिथं अध्यक्ष कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी या पोराला 'बालकवी' म्हटलं. रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिले. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून गेले. अठ्ठावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

"अपघात झाला," ती म्हणाली, "मग चाहूल कशी लागेल?"

तेच. पण मी तिला दुसरी बाजूही सांगितली, कारण ती न सांगणं अन्यायाचं झालं असतं. 'फुलराणी' लिहिणाऱ्या याच कवीनं 'उदासीनता' आणि 'पारवा' याही कविता लिहिल्या. काळोख त्याला परका नव्हता. या आठ ओळींवर मराठी समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत आणि डोहात मृत्यू बघणारे त्यात आहेत. तसं वाचायला कुणी अडवलेलं नाही. फक्त आधार डोहाच्या ओळीतून आला पाहिजे, भादलीच्या स्टेशनातून नाही. रूळ कवितेत नाहीत. मग तिनं विचारलं, "औदुंबर म्हणजे दत्ताचं झाड, ते लिहू का?" आमच्याकडे झाडाला कुणी औदुंबर म्हणत नाही, उंबरच म्हणतात, औदुंबर शब्द गुरुचरित्रातला. कवीनं तो शब्द घेतला आहे खरा. त्यामुळं झाडाला एक वय येतं, एक मान येतो. एका वाक्यात लिही म्हटलं, आणि पुढं जा.

गुरुवारी जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं.

ती संध्याकाळी आली आणि वही न उघडता बसून राहिली. मग म्हणाली, "आमच्या जुन्या गावचा रस्ता असाच जाते काकू. पाण्यात."

तिचं जुनं गाव गोसेखुर्दच्या बुडितात गेलेलं. वैनगंगेवरचं ते धरण, २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालेलं, तेहतीस दरवाज्यांचं. पाणी साठत गेलं तशी नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतली गावं उठत गेली. ती तेव्हा लहान होती. आता राहतात ते नवीन गावठाण, पुनर्वसनाचं, सरळ रस्त्यांचं, सगळी घरं एका मापाची. पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की आजोबा नातवंडांना घेऊन जुन्या रस्त्यानं जातात. डांबर दिसतं, मग चिखल लागलेलं डांबर, मग रस्ता सरळ पाण्यात उतरतो. तिथं आजोबा थांबतात आणि हातानं दाखवतात: तिथं मारुती, तिथं आपली विहीर, तिथं शाळा. नातवंडांना फक्त पाणी दिसतं आणि पाण्यातून वर आलेली वाळकी झाडं.

"घरं आहेत, वावर आहे, वाट आहे, अन् माणूस नाही," ती म्हणाली. "वाट काळ्या पाण्याकडे जाते. मले तर आमचंच गाव दिसलं."

त्या रात्री तिनं दोन पानं लिहिली. शुक्रवारी सकाळी मी ती वाचली आणि माझे डोळे भरून आले. आजोबांचा पाण्याकडे केलेला हात तिनं असा लिहिला होता की तो मला आजही दिसतो. आणि मला तिला सांगायचं होतं की हे रसग्रहण नाही.

हे कसं सांगावं, यावर मी सगळी दुपार विचार केला. या कामात अवघड जागा हीच असते. मुलगी पहिल्यांदा कवितेच्या आत शिरली होती, स्वतःच्या दारानं. ते दार लावून घेतलं तर ती पुन्हा 'मनोहारी चित्रणा'कडे जाणार. आणि दार उघडं ठेवून कविता सोडून दिली तर बालकवींच्या आठ ओळी तिच्या गावासाठी नुसतं निमित्त होणार. शेवटी मी तिला इतकंच म्हटलं: "ही दोन पानं जपून ठेव, ती वेगळ्या लेखाची आहेत. आता तुझं गाव शेजारी ठेव आणि कविता शेजारी ठेव. सारखं काय आहे ते तू लिहिलंस. आता सारखं नाही ते शोध. कुठला शब्द तुझ्या गावाला बसत नाही?"

शनिवारी ती सकाळी सातलाच खाली आली. मी अजून अंगण झाडत होते. झाडू हातात असतानाच तिनं बोलायला सुरुवात केली. 'चिमुकले' बसत नाही, कारण बुडालेल्या गावाला कुणी चिमुकलं म्हणत नाही. 'हिरवी गर्दी' बसत नाही. 'गोड' तर मुळीच नाही. "अन् सगळ्यात मोठं म्हणजे, काकू, आमच्याकडं झाडं पाण्यात उभी आहेत. हा बसला आहे."

मी झाडू ठेवला. ती पुढं बोलत होती. धरणाचं पाणी झाडांकडे चालून आलं. झाडं जागची हलली नाहीत, हलताच येत नव्हती, म्हणून पाण्यात आली आणि उभ्या उभ्या वाळली. हा औदुंबर मात्र पाण्याकडे स्वतः गेल्यासारखा आहे. 'पाय टाकुनी': पाय त्यानं टाकले आहेत, आपल्या मनानं, दुपारी पोरं नाल्याच्या काठावर बसून पाण्यात पाय सोडतात तसे. म्हणून त्याच्याखालचा काळिमा गोड आहे. तोच काळा रंग डोहाचा, तोच सावलीचा. पण डोह नुसता 'काळा', आणि सावलीच्या काळिम्याला 'गोड' हा शब्द जोडला आहे. काळोख कमी झालेला नाही, पण त्यात कुणीतरी निवांत बसलेलं आहे.

उभं असणं आणि बसणं, या दोन शब्दांमधलं अंतर तिला कुठल्या गाईडमधून मिळालं नसतं. माझ्याकडूनही नाही. माझ्या 'ध्यानस्थ योग्या'पेक्षा तिचं नाल्यावरचं पोर कवितेच्या शब्दांना जास्त जवळचं आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. योगी पाण्यात पाय सोडून बसत नाही.

त्यानंतरचं काम मजुरीचं होतं आणि मला ते आवडतं. तिला शाळेतल्या सवयीनं आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन मथळे करायचे होते. मी विचारलं, पायवाटेच्या मात्रा यातल्या कुठल्या कप्प्यात टाकशील? ओळ तिडवी जाते हा आशय की भाषा? तिनं मथळे काढले आणि कवितेच्या क्रमानं लिहायचं ठरवलं, काठापासून डोहापर्यंत. 'अप्रतिम', 'अवर्णनीय', 'मनाला भिडणारे' असे शब्द तिच्या मसुद्यात अकरा होते, एकेक करून तिनेच खोडले. प्रत्येक विधानाखाली पेन्सिलीनं कवितेतला तो शब्द लिहायचा, शब्द सापडला नाही तर विधान काढायचं, असं ठरलं. मृत्यूचं वाक्य असंच गेलं. दत्ताचं अर्धं राहिलं. धरणाचं एकच वाक्य ठेवलं, तेही 'उभी' आणि 'बसला' यांच्या तुलनेपुरतं.

सुरुवातीचं वाक्य काही जमेना. रविवारी रात्री साडेदहाला वरून तिचा फोन आला. एकाच घरात असून फोन, कारण भाऊ झोपला होता आणि जिन्याचा आवाज होतो. तिनं हळू आवाजात वाचून दाखवलं: "या कवितेत माणूस कुठेच नाही, पण त्याचं चालणं आणि बसणं आहे. चालायला वाट आहे आणि बसायला झाड." मी म्हटलं, राहू दे, हात लावू नको.

सोमवारी तिनं कागद दिले. बुधवारी दुपारी ती दोन मैत्रिणींना घेऊन आली. त्यांच्या हातात वर्गातल्या मुलींच्या नोट्सचा गठ्ठा होता, त्याच झेरॉक्स. परीक्षेला हीच कविता येणार होती. "काकू, गळलेला शब्द दाखवायची तुमची खूण कशी असते?" मी तिला काकपद काढून दाखवलं: ओळीच्या खालून वर टोक, आणि टोकावर शब्द. तिघी बैठकीत फरशीवर बसल्या. निळ्या पेनानं एकेका कागदावर 'बसला' आणि 'औदुंबर' यांच्यामध्ये काकपद पडू लागलं. मैत्रिणी भराभर करत होत्या. ती मात्र प्रत्येक कागदावर आधी ओळ पुटपुटायची, अंगठा बोटांच्या पेरांवरून चार वेळा फिरवायची, आणि मग वर 'असला' लिहायची.